नागपुरात शोभेचं आलं: प्रतापनगरच्या एका अंगणाची पूर्ण केस

प्रतापनगरमधलं घर, पुढे पूर्वेला जुना आंबा, मागे पश्चिमेला चांगलं मोठं अंगण. तिथल्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात शोभेच्या आल्याचे (आल्याच्याच कुटुंबातली, पण फुलापानांसाठी लावायची झाडं) सहा प्रकार लावले, काही कुंड्यांत, काही जमिनीत, सगळे मागच्या अंगणात, घराच्या भिंतीला लागून. सोनटक्का रत्नागिरीच्या बहिणीकडून आला, बाकी रेड जिंजर, टॉर्च जिंजर, पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं शेल जिंजर, शांपू जिंजर आणि सयाम ट्युलिप हे नर्सरीतून, आणि तिथून सगळ्यांसाठी एकच सांगणं की भरपूर ऊन द्या, रोज पाणी द्या. पहिले दोन महिने झकास गेले, मग सप्टेंबरात टॉर्च जिंजर बुडातून मऊ होऊन आडवं झालं, थंडीत सयाम ट्युलिप आणि शांपू जिंजर दिसेनासे झाले, फेब्रुवारीत माळ्याने उरलेलं सगळं जमिनीबरोबर कापलं की नवीन फूट चांगली येते म्हणून, आणि एप्रिल संपता संपता जे काही फुटलं होतं त्याची पानं कडेनं जळायला लागली. मला फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, सगळी झाडं वाळून राहिली. हे कोकणातलं झाड, आपल्या नागपूरच्या उन्हात मी काहून लावलं असं झालंय."

ही केस सविस्तर लिहितोय कारण हा निष्कर्ष नागपुरात सारखा ऐकू येतो, ऊन जास्त म्हणून जमत नाही. ऊन आहेच हो, पण या अंगणात झाडं ज्या कारणांनी गेली त्यात ऊन बरंच खाली होतं. खरी गडबड अशी की सहा झाडांची वेळापत्रकं वेगवेगळी, आणि वागणूक सगळ्यांना एकच. एकच पाणी, एकच माती, एकच कात्री.

मी गेलो ते मे महिन्याच्या सुरुवातीला, सकाळी. आधी शेल जिंजरचं एक पान तोडून हातात घेतलं. कडेला बोटभर रुंदीची तपकिरी कुरकुरीत पट्टी, तिच्या आत बारीक पिवळी रेघ, आणि त्याच्या आत पान चक्क तजेलदार. उन्हाने भाजलेलं पान असं नसतं. ऊन जिथं सरळ पडतं तिथं, पानाच्या मधोमध, आधी पांढुरका डाग येतो आणि मग तेवढाच भाग वाळून फाटतो. तसे डागही होते, बाहेरच्या पानांवर. पण टोकं आणि कडा तर खालच्या, पूर्ण सावलीतल्या पानांच्याही जळलेल्या होत्या, आणि सावलीतलं पान उन्हाने कसं जळेल? मग कुंड्यांकडे बघितलं तर काठावर आणि मातीवर पांढरा थर. काकांना विचारलं, काका पाणी कोणतं घालता? म्हणाले, "कूलरचं. टाकी रिकामी करतो ना रोज, चांगलं बादलीभर पाणी निघते, ते काहून वाया घालवायचं?"

इथे थोडं थांबतो, कारण हे नागपुरात घरोघरी होतं आणि करणाऱ्याचा हेतू अगदी चांगला असतो. डेझर्ट कूलर चालतो म्हणजे काय होतं, खस ओली होते, पंखा हवा ओढतो, पाणी उडून जातं आणि हवा गार होते. उडतं ते नुसतं पाणी, त्यातले क्षार टाकीतच राहतात. आपण वरून परत पाणी भरतो, ते उडतं, क्षार आणखी साठतात. त्यात या घरी कूलरमध्ये बोअरचं पाणी, जे मुळातच जड. काकांच्या शेजाऱ्यांकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) होतं ते आणून मोजलं तर बोअरच्या पाण्याचा जो आकडा आला त्याच्या तिपटीहून जास्त टाकीतल्या पाण्याचा. असं पाणी कुंडीत गेलं की मुळांना पाणी ओढणं अवघड होतं, माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं, आणि जे क्षार वर चढतात ते पानाच्या टोकाला आणि कडेला जाऊन साठतात कारण पाणी शेवटी तिथूनच उडतं. जास्वंद किंवा बोगनवेल हे थोडंफार खपवून घेते, आल्याचं कुटुंब नाही घेत, त्यांची पानं मोठी आणि पातळ. आरओच्या वेस्ट पाण्याचीही हीच कथा, ते फरशी पुसायला ठेवा.

दुसरी गोष्ट शांपू जिंजरच्या कुंडीत निघाली. कुंडी वरून रिकामी, थंडीपासून एक पान नाही, काकू ती फेकायच्याच होत्या. पण काका तिलाही रोज पाणी घालत होते, बाकीच्यांना घालतो तर हिलाही. मी कुंडी उलटी केली. ओल्या मातीचा आंबूस वास आला, वरचे कंद बोटाने दाबले तर साल निघून आतला गर पिठूळ होऊन हातात आला, त्याखाली मात्र कुंडीच्या तळाशी खापरीच्या तुकड्यांवर तीन कंद टणक, नखाने खरवडलं तर आत फिकट पिवळे आणि वासाला झणझणीत. काकू तर बघतच राहिल्या. झाड मेलं नव्हतं, झोपलं होतं, आणि झोपलेल्या कंदाला पानं नसतात म्हणून तो पाणी ओढत नाही, आपण रोज घालतो ते तिथंच साचतं आणि कुजवतं. सयाम ट्युलिपच्या कुंडीतही हेच, फक्त त्याचे कंद लहान म्हणून नुकसान जास्त, दोनच वाचले.

आता मातीचं. आपली काळी माती, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. माळ्याने जमिनीत दीड-दोन फुटांचे खड्डे करून त्यात पिशवीतली हलकी, कोकोपीटची माती भरून झाडं लावली होती. दिसायला छान, पण चहूबाजूंनी काळी माती असताना मधला हलका खड्डा म्हणजे टबच, जुलै-ऑगस्टच्या झडीत पाणी त्यात शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. टॉर्च जिंजर तिथंच गेलं. गरम ओली माती, हवा नाही, पिथियमसारख्या बुरशीला आणखी काय पाहिजे, हळदीच्या शेतकऱ्याला कंदकूज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. या सहांपैकी अशा जागी खुशीत राहणारं झाड एकच, सोनटक्का. तो मुळात हिमालयाच्या पायथ्याकडचा, ओढ्याकाठच्या ओल्या जागेतला. पण तो नेमका भिंतीजवळच्या कोरड्या कडेला लावलेला. म्हणजे ज्याला पाणी हवं तो कोरड्यात आणि ज्याला निचरा हवा तो खड्ड्यात.

आणि कात्री. यावर मी काकूंशी सगळ्यात जास्त बोललो असेन, कारण फूल येतं की नाही ते इथं ठरतं. आल्याच्या कुटुंबात जे खोड दिसतं ते खरं खोड नसतं, पानांची आवरणं एकावर एक गुंडाळून झालेला दांडा असतो. सोनटक्क्याचा दांडा एकाच हंगामात वाढतो, टोकाला फुलतो आणि त्याचं काम संपतं, तो परत फुलत नाही, म्हणून फुलून झालेला दांडा बुडातून काढला तर चांगलंच. शेल जिंजरचं उलटं आहे. त्याचा दांडा या वर्षी नुसता वाढतो आणि फुलांचा झुपका येतो तो पुढच्या वर्षी, त्याच जुन्या दांड्याच्या टोकाला. फेब्रुवारीत ते दांडे कापले म्हणजे येणारी फुलंच कापली. पट्ट्यांचं शेल जिंजर लोकांकडे वर्षानुवर्षं नुसत्या पानांवर राहतं ना, त्याचं एक मोठं कारण ही दरवर्षीची साफसफाई. आणि टॉर्च जिंजर, शांपू जिंजर यांचं तिसरंच, त्यांचं फूल पानांच्या दांड्यावर येतच नाही, बाजूला जमिनीतून वेगळा देठ वर येतो, त्यामुळे दांडा फुलला नाही म्हणून कापायचा प्रश्नच येत नाही.

एवढं सगळं बघून मग उन्हाकडे आलो. पश्चिमेचं अंगण, दुपारी बारापासून थेट ऊन, भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली, आणि मे महिन्यात नागपूरच्या दुपारची हवा किती कोरडी असते ते सांगायला नको. पारा ४५ च्या वर आणि हवेत ओलावा नाही, तेव्हा पानातून पाणी जेवढ्या वेगाने उडतं तेवढ्या वेगाने मुळं देऊच शकत नाहीत. पण इथंच आपल्या बाजूने असलेली गोष्ट लोक विसरतात. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद जीआय मानांकन मिळालेली, म्हणजे आपल्या विदर्भाच्याच मातीत आणि उन्हात याच कुटुंबातलं झाड पिढ्यानपिढ्या पिकतंय. कसं? तर हळद पावसाच्या तोंडाला लागते, पावसाळाभर वाढते, थंडीत पानं वाळतात, उन्हाळ्याच्या आत कंद निघतात. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, येतो तेव्हा हळदीचं एक पान बाहेर नसतं. शांपू जिंजर आणि सयाम ट्युलिप तंतोतंत याच वेळापत्रकावर चालतात. आपल्या डिसेंबरची थंडी आणि मे ची आग, दोन्ही ते झोपेत काढतात. म्हणून माझं ठाम मत आहे की नागपुरात शोभेचं आलं लावायचं तर आधी झोपणारे प्रकार लावा, बारमाही हिरवे नंतर. आपल्याकडे मात्र उलटं होतं, रेड जिंजर आणि टॉर्च जिंजरचे फोटो भारी म्हणून सुरुवातच त्यांच्यापासून.

मग काय केलं ते. मे महिन्यात नवीन लावणी काही केली नाही, करूच नये. शांपू जिंजर आणि सयाम ट्युलिपचे वाचलेले कंद धुतले, मऊ भाग चाकूने टणक गर लागेपर्यंत कापला, चाकू प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसून, मग लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवले आणि कोरड्या कोकोपीटमध्ये घालून आतल्या खोलीत कपाटाखाली ठेवले. काकूंनी विचारलं, ट्रायकोडर्मा पण घालू का सोबत? तर नाही, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी असली तरी स्वतः बुरशीच आहे, तांब्याचं औषध तिलाही मारतं, ती लावणीच्या वेळी शेणखतात मिसळून. जिवंत कुंड्या उचलून पुढे आंब्याखाली नेल्या जिथं सकाळचं कवडशाचं ऊन आणि दुपारी घराची सावली, तरी जूनपर्यंत ५० टक्क्यांचं ग्रीन नेट लावलंच. प्रत्येक कुंडीत नळाचं पाणी, जे आपल्याकडे पेंच-कन्हानचं येतं, ते खालून वाहून जाईपर्यंत परत परत घातलं, कुंडीच्या तीन-चार पट तरी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. कूलरचं पाणी काकांनी मन घट्ट करून नालीत सोडायला सुरुवात केली. पानांवर फवारा मारायचा मोह त्यांना होत होता, पण बोअरच्या पाण्याचा फवारा वाळला की पानावर पांढरे ठिपके राहतात, त्यापेक्षा कुंड्या दाटीने एकत्र ठेवा आणि खालची जमीन ओली ठेवा.

वाफा पण पुढेच केला, जमिनीच्या वर फूटभर उंच, हळदीच्या गादीवाफ्यासारखा. काळी माती वगळायची नाही, तिच्यात ताकद आहे, फक्त तिला मोकळं करायचं. लोक थोडी रेती टाकतात, त्याने चिकणमाती आणखी घट्ट बसते. आम्ही निम्म्याला निम्मं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत घेतलं, आणि भंडाऱ्याकडून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून धानाचं तूस, अर्धवट जाळलेलं. तूस लवकर कुजत नाही, मातीत पोकळी धरून ठेवतं. वर निंबोळी पेंड. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, जमिनीची वाफ निघून गेली, मग कंद लावले, डोळे वर करून, दोन ते तीन इंच खोल. सोनटक्का मात्र मागेच ठेवला, पण भिंतीपासून काढून मोरीच्या पाण्याजवळच्या सखल कोपऱ्यात नेला, वरवरच लावला, कंदाची पाठ दिसेल न दिसेल इतका. तिथं काकूंच्या पेरूची दुपारची सावली येते. साबणाचं पाणी तिकडे जाऊ द्यायचं नाही एवढी काळजी.

जुलैमध्ये शेल जिंजरची नवीन पानं पिवळी आली, पण शिरा हिरव्या. काका युरिया घालायला निघाले होते. नत्र कमी असतं तेव्हा आधी जुनं पान पिवळं पडतं, नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. काळ्या मातीत चुना असतो, लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, साधं फेरस सल्फेट मातीत टाकलं तर तेही थोड्याच दिवसात बांधलं जातं. ईडीडीएचए वालं चिलेटेड लोह महाग येतं पण अशा मातीत तेच टिकतं. ते दिल्यावर पुढचं पान बऱ्यापैकी हिरवं आलं. ऑगस्टमध्ये शांपू जिंजरच्या एका दांड्याचं मधलं पान वाळलं, खाली बारीक भोक आणि त्यातून भुसा, हा खोडकिडा, हळदीवरचाच. दांडा बुडातून कापून चिरला, आत अळी निघाली, ती मारली, बाकीच्यांवर निंबोळी तेल. संपला विषय.

फुलांचा हिशोब असा. सयाम ट्युलिपच्या दोन कंदांपैकी एकाला त्याच पावसाळ्यात गुलाबी फूल आलं, पंधरवडाभर टिकलं, दुसऱ्याने नुसती पानं दिली. शांपू जिंजरने ऑगस्टअखेर जमिनीतून हिरवे शंकू काढले, नवरात्रापर्यंत ते लाल झाले, दाबले की बुळबुळीत, सुवासिक पाणी निघतं, हवाईत ते केसांना लावायची पद्धत आहे, काकूंच्या नातीने लावूनही बघितलं. आणि सोनटक्का! सप्टेंबरात संध्याकाळी सहाच्या सुमाराला फुलं उमलायची आणि मागचं दार उघडलं की वास थेट स्वयंपाकघरात. क्युबाचं राष्ट्रीय फूल आहे हे, आणि आपल्याकडे गृहिणी ते अंबाड्यात माळतात. ऑक्टोबर हीटमध्ये त्याला पाणी कमी पडू दिलं नाही, कारण पाऊस गेला म्हणून आपण निवांत होतो आणि तेव्हाच त्याच्या कळ्या वाळतात.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडायला लागली तेव्हा काकांचा फोन, "बाबू, परत तेच होऊन राहिलं." नाही काका, आता झोपायची वेळ झाली. पानं पूर्ण वाळेपर्यंत कापायची नाहीत, त्यातलं अन्न कंदात उतरतंय, पाणी हळूहळू तोडायचं आणि कुंड्या पोर्चमध्ये कोरड्या ठेवायच्या, जमिनीतले कंद तसेच राहिले तरी चालतं पण त्यावर बागेचा पाइप फिरता कामा नये. रेड जिंजरला हे जमत नाही, ते मूळ पॅसिफिकच्या बेटांकडचं, झोप माहीतच नाही त्याला, आणि १० अंशाच्या खाली ते आजारी पडतं. नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ पर्यंत उतरला होता, ते आठवून त्याची मोठी कुंडी थंडीभर पूर्वेच्या बंद व्हरांड्यात. जगलं, पुढच्या पावसात एक छोटा लाल तुरा आला (लाल असतात ती फुलं नव्हेत, आवरणं, खरं फूल त्यातून डोकावणारं पांढरं इवलंसं), पण जोमात आहे असं मी म्हणणार नाही. त्या तुऱ्यातच एक पिल्लू फुटलं ते काढून वेगळ्या कुंडीत लावलंय.

शेल जिंजर पहिल्या वर्षी फुललं नाही, फुलणारही नव्हतं. त्या थंडीत माळ्याला दांड्यांना हात लावू दिला नाही, फक्त पूर्ण वाळलेली पानं काढली, आणि यंदा एप्रिलमध्ये जुन्या दांड्यांवरून गुलाबी टोकांच्या पांढऱ्या कळ्यांचे झुपके खाली झुकले, आत पिवळं-लाल. काकूंनी अख्ख्या कॉलनीला बोलावून दाखवलं. यंदा त्यांनी पेव आणि भुईचाफाही लावलाय, माझ्या सांगण्यावरून. पेव आल्याचा चुलत भाऊ, दांड्याभोवती गोल गोल चढत जाणारी पानं आणि पावसात लाल शंकूवर पांढरं फूल, भुईचाफा तर भर उन्हाळ्यात पानं नसताना थेट मातीतून जांभळट-पांढरं फूल काढतो. दोघंही आपल्याच देशातले आणि झोपणारे, नागपूरला अगदी योग्य.

राहता राहिलं टॉर्च जिंजर. काकूंना ते परत आणायचंय, मी नको म्हणतोय. दांडे बारा-पंधरा फूट जातात, लावल्यापासून फुलायला सहसा दोन-तीन वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं त्याला ना थंडी चालत ना कोरडी हवा, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक डिसेंबर आणि प्रत्येक मे त्याच्या जिवावर येणार. कोकणात, केरळात ते कुंपणाला लावावं इतकं सोपं आहे. इथं तेव्हाच आणा जेव्हा घरात ओलावा धरणारं शेडनेट असेल, बारा-पंधरा फूट उंचीचं, आणि थंडीत बाजू बंद करता येतील असं. काका म्हणतात आंब्याच्या पलीकडे जागा आहे, बांधू. बांधून झालं की कंद मी आणून देतो असं सांगितलंय.